काडतुसाचा गोतावळा

टेबलावर तीन काडतुसं शेजारी शेजारी उभी करू. पहिलं ६.५×५५ स्वीडिश, १८९४ सालचं. दुसरं .२६० रेमिंग्टन, १९९७ मधलं. तिसरं ६.५ क्रीडमूर, २००७ मध्ये आलेलं. तिन्हींच्या तोंडाशी बसलेली गोळी एकाच व्यासाची, ६.७ मिलिमीटरची. एकाच डब्यातल्या तीन गोळ्या काढून तिघांत बसवल्या तरी चालतील. आजच्या भक्कम रायफलीत १४० ग्रेनची, म्हणजे साधारण ९ ग्रॅमची गोळी ही तिन्ही काडतुसं जवळजवळ सारख्याच वेगानं फेकतात. हजार यार्डांवरच्या कागदाला पडलेलं भोक बघून ती गोळी यांतल्या कोणत्या पुंगळीतून (दारू भरलेल्या पितळी नळीतून) निघाली, हे कोणताही नेमबाज सांगू शकणार नाही.

तरीही तिघांची नशिबं तीन तऱ्हांची. स्वीडिश काडतूस स्कँडिनेव्हियात घरचं, बाहेर मात्र दर्दी लोकांपुरतं. रेमिंग्टनचं काडतूस जाणकारांनी वाखाणलं आणि बाकीच्यांनी विकतच घेतलं नाही. क्रीडमूर मात्र असं पसरलं की लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नव्यानं येणारा माणूस पहिलं नाव तेच ऐकतो.

यावर नेमबाजांत दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळी जाहिरातबाजी. जुनीच दारू नव्या बाटलीत. (इथे ही म्हण शब्दशः लागू पडते, म्हणून जरा मजा.) दुसरा तट बॅलिस्टिक्सचे तक्ते पुढे करतो आणि जणू गुरुत्वाकर्षणानंच या काडतुसाला सवलत दिली आहे अशा थाटात बोलतो. माझ्या मते दोघंही चुकीच्या वस्तूकडे बघताहेत. काडतूस एकटं कधीच लोकप्रिय होत नाही. त्याच्यामागे मॅगझिनची लांबी असते, बॅरलमधला पीळ (नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा) असतो, तयार मालाचं खोकं असतं, पुंगळ्या बनवणारा कारखाना असतो आणि स्पर्धेची नियमावली असते. हा सगळा गोतावळा ज्याच्या पाठीशी उभा राहतो ते काडतूस रुजतं. तक्त्यात त्याच्याहून सरस असलेली चार काडतुसं कपाटात पडून राहतात.

आता व्हर्नियर घेऊन टेबलाशी बसू. .२६० ची पुंगळी मोजली की ५१.७ मिलिमीटर भरते, क्रीडमूरची ४८.८. फरक तीन मिलिमीटरच्याही आतला. आखूड ॲक्शनच्या (काडतूस आत घेणाऱ्या यंत्रणेच्या) बहुतेक रायफलींच्या मॅगझिनमध्ये काडतूस बसायला जागा साधारण २.८ इंचांची, म्हणजे ७१ मिलिमीटरची. लांब पल्ल्याची गोळी सडपातळ आणि लांबुडकी असते. टोकदार नाक, मागे होडीसारखी निमुळती शेपटी. ती .२६० मध्ये बसवून मॅगझिनमध्ये मावेल इतकी आत ढकलली, की शेपटी दारूच्या जागेत शिरते आणि नाकाचा उतार पुंगळीच्या तोंडापाशी येऊन ठेपतो. पुंगळीच्या मानेनं गोळीला पकडायचं ते तिच्या सरळ अंगाला, उतरत्या नाकाला नव्हे. बाहेर ठेवावी तर मॅगझिनमध्ये मावत नाही, आत ढकलावी तर दारूची जागा जाते. क्रीडमूरच्या आराखड्यात पुंगळीच आखूड केली, खांदा ३० अंशांचा ठेवला, मान पुरेशी लांब राखली, आणि तीच लांब गोळी ऐटीत बाहेर राहूनही मॅगझिनमध्ये बसू लागली. क्रीडमूरचा निम्मा चमत्कार या तीन मिलिमीटरांत आहे. उरलेल्या निम्म्याचा पुंगळीशी काही संबंध नाही.

त्याची गोष्ट अशी. हॉर्नडी कंपनीचे बॅलिस्टिक्सतज्ज्ञ डेव्ह एमरी आणि राष्ट्रीय विजेता नेमबाज डेनिस डेमिल यांचं अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांच्या वेळी बोलणं झालं. डेमिल घरगुती प्रयोगातून निघालेल्या काडतुसांना वैतागले होते. अशा काडतुसांत प्रत्येक जण आपापली पुंगळी घडवतो, आपापला दारूचा हिशेब ठेवतो आणि दुसऱ्याला विचारलं तर तिसरंच उत्तर मिळतं. त्यांनी मागण्यांची यादी दिली. धक्का .३०८ या प्रचलित काडतुसापेक्षा कमी हवा, मॅगझिनमध्ये मावायला हवं, बॅरल लवकर झिजू नये, सुटे भाग सहज मिळावेत, आणि कारखान्यानं जे भरलं आहे त्याची कृती खोक्यावर छापलेली असावी. सुरुवातीच्या खोक्यांवर ती खरोखरच छापली गेली: कोणती दारू, किती ग्रेन, कोणती गोळी.

मला या सगळ्यात ते खोकं सर्वात क्रांतिकारक वाटतं. एरवी काडतूस बनवणारे आपलं मिश्रण जिवापाड लपवतात. इथे स्वयंपाक्यानं पातेल्याशेजारी कृतीच चिकटवून ठेवली. रायफल आज घेतली, खोकं आज घेतलं, आज दुपारी नीट गट पडला, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागल्या. उद्या स्वतः भरायची हौस आली तर सुरुवात कुठून करायची हेही हातात. अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी चांगला निकाल मिळणं, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा मोठं प्रचारसाधन आहे.

.२६० ला हे काहीच मिळालं नव्हतं. ते शिकाऱ्यांसाठी म्हणून आणलं गेलं. त्याच्यासाठी निघालेल्या रायफलींच्या बॅरलना साधारण ९ किंवा १० इंचांत एक फेरा इतका सैल पीळ होता, आणि दुकानात मिळणारा माल हलक्या शिकारी गोळ्यांचा. लांब, जड गोळीला स्वतःभोवती जोरात फिरत ठेवायला ८ इंचांत एक फेरा लागतो. काडतुसात दम होता, पण त्याचं लग्नच चुकीच्या बॅरलशी लावून दिलं होतं.

इथे जाहिरातबाजीवाल्या तटाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. जाहिरातच पुरत असेल तर .३० टीसी कुठे आहे? हे क्रीडमूरचं साक्षात जन्मदातं काडतूस. त्याच कारखान्याचं, त्याच सुमाराचं, तीच पुंगळी. फक्त तोंड मोठं, .३० कॅलिबरचं, म्हणजे जाड गोळीचं. थॉम्पसन/सेंटर या कंपनीच्या एका रायफलीसाठी ते काढलं, .३०-०६ ची ताकद आखूड ॲक्शनमध्ये देण्याचं आश्वासन दिलं. बाप विरून गेला, मुलगा जगभर पोचला. पितळ तेच, खांदा तोच, जाहिरातींचा छापखाना तोच. बापाच्या वाट्याला एकच रायफल आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं; मुलाला खूप जणांना छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर होता आलं.

तो छळणारा प्रश्न म्हणजे वारा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दूरच्या नेमबाजीत अडचण गोळी खाली पडण्याची. हजार यार्डांवर गोळी काडतुसानुसार आठ ते अकरा मीटर खाली येते, हे ऐकून छाती दडपते. पण ते पडणं हिशेबी आहे. अंतर कळलं, वेग मोजला, हवेची घनता कळली की गणित सुटतं, दुर्बिणीवर तेवढे टिचके फिरवायचे. वाऱ्याचं तसं नाही. तो दर शंभर यार्डांवर वेगळा असतो, गवत एकीकडे झुकलेलं आणि मृगजळ दुसरीकडे वाहत असतं. तिथे माणसाला अंदाजच करावा लागतो, आणि अंदाज चुकतो.

ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ मधली जुनी १६८ ग्रेनची मॅच (सामन्यांसाठीची) गोळी हजार यार्डांवर सुमारे पावणेतीन मीटर बाजूला नेतो. क्रीडमूरमधली १४० ग्रेनची सडपातळ गोळी त्याच वाऱ्यात दोन मीटरच्या आसपास सरकते. आता माणूस वारा ओळखण्यात एक पंचमांशानं चुकला असं धरा, म्हणजे चांगला म्हणावा असाच नेमबाज. पहिल्याची चूक अर्ध्या मीटरच्या पुढे जाते, दुसऱ्याची चाळीस सेंटिमीटरांवर थांबते. काडतुसानं नेम सुधारला नाही, माणसाची चूक थोडी पोटात घातली. शिवाय धक्का कमी, त्यामुळे गोळी सुटल्यावर दुर्बिणीतून टार्गेट निसटत नाही आणि माती कुठे उडाली ते स्वतःला दिसतं. पुढच्या गोळीची दुरुस्ती त्या एका दृश्यात असते.

मग आणखी वेगवान, आणखी सडपातळ का नको? असं काडतूस होतं की! ६.५-२८४ नॉर्मा. हजार यार्डांच्या सामन्यांत त्यानं एक काळ गाजवला. पण त्याचं बॅरल साधारण हजार गोळ्यांत थकतं. जास्त दारू अरुंद नळीतून जाळली की घशापाशी, म्हणजे बॅरलच्या सुरुवातीला, पोलाद भाजून खरवडतं, दुसरं काही नाही. .३०८ चं बॅरल पाच हजारांच्या घरात टिकतं, क्रीडमूरचं दोन-तीन हजार. हंगामाच्या मध्यावर बॅरल बदलायचं, ते बसवून घ्यायचं, पुन्हा गोळी-दारूचा मेळ घालायचा, हे व्यावसायिक झेलतील. शनिवार-रविवारचा नेमबाज नाही झेलणार. त्याच्या सरावाच्या गोळ्याच कमी होतात, आणि कमी सराव केलेल्या माणसाला सरस काडतूस काय वाचवणार? म्हणून जिंकतं ते मधलं. सगळ्या बाबतींत दुसरा क्रमांक, आणि एकाही बाबतीत नापास नाही.

पीळ चुकला की काय होतं याचा सर्वात कडवट धडा १९५५ चा. त्या एकाच वर्षी ६ मिमीची दोन काडतुसं बाजारात आली, .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन. रेमिंग्टनची पुंगळी किंचित मोठी, वेग किंचित जास्त. पण त्यांनी बॅरलला १२ इंचांत एक फेऱ्याचा पीळ दिला. ग्राहक हलक्या गोळ्यांनी लहान जनावरं मारेल, असा त्यांचा होरा. विंचेस्टरनं १० इंचांचा पीळ दिला, त्यामुळे १०० ग्रेनची गोळी चालली आणि एकाच रायफलीत हरणही मारता आलं. लोकांनी .२४३ उचललं. रेमिंग्टनला चूक कळली. त्यांनी पीळ आवळून ९ इंचांचा केला आणि १९६३ मध्ये काडतुसाला '६ मिमी रेमिंग्टन' असं नवं नाव दिलं. पुंगळी एक केसभरही बदलली नव्हती. पण नाव बदलून गेलेली पत परत येत नाही, आणि .२४३ तोवर आठ वर्षं पुढे निघून गेलं होतं.

उलटी गोष्ट .२२३ ची. १९६४ चं हे काडतूस लांब पल्ल्याच्या लोकांना पोरखेळ वाटायचं. ५५ ग्रेनची गोळी, सैल पीळ, सहाशे यार्डांवर वाऱ्यात पाचोळ्यासारखी. मग ७ आणि ८ इंचांच्या पिळाची बॅरल आली, ७७ आणि ८० ग्रेनच्या लांब गोळ्या आल्या, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या सर्व्हिस रायफल (फौजी धाटणीच्या रायफलींच्या) सामन्यांतून .३०८ च्या रायफलींना याच पोरखेळानं मागे सारलं. पुंगळी १९६४ चीच. काडतूस चांगलं की वाईट हा प्रश्न बॅरल आणि गोळी न सांगता विचारता येत नाही, हे या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की लख्ख दिसतं.

.३०८ वरही असाच एक अन्याय झाला आहे. त्याची १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅचकिंग गोळी ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी घडवलेली. तिथे ती अप्रतिम. हजार यार्डांवर मात्र वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो आणि ती डगमगू लागते. त्यावरून 'थ्री-झिरो-एट हजारला चालत नाही' असा शिक्का बसला. पाल्मा या लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत लोक त्याच .३०८ मधून १५५ ग्रेनची गोळी घेऊन वर्षानुवर्षं हजार यार्ड मारताहेत, हे शिक्का मारणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आणि पाल्मा म्हटलं की नियमावली आली. माझ्या मते सार्वजनिक चर्चेत सर्वात दुर्लक्षित राहिलेला मुद्दा हाच. नेमबाज दुकानात जाऊन काडतूस निवडतो असं आपण समजतो. बऱ्याचदा ते त्याच्या आधी एका समितीच्या बैठकीत निवडलेलं असतं. एफ-क्लास हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज 'फार्की' फारकरसन यांच्या नावावरून आला. वय झालं, डोळे साथ देईनात, तरी रेंजवर यायचं म्हणून त्यांनी टेकू आणि दुर्बीण वापरायची मुभा मागितली, त्यातून हा प्रकार वाढला. त्यातल्या एफ-टीआर गटात दोनच काडतुसं चालतात: .२२३ आणि .३०८. म्हणजे .३०८ आज हजारो लोकांच्या हातात आहे ते तक्त्यात अव्वल म्हणून नव्हे, एका ओळीत त्याचं नाव आहे म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये ३०० मीटरची नेमबाजी लोकसंस्कृतीच आहे, तिथे ७.५×५५ चं जीपी ११ हे १९११ चं लष्करी काडतूस लोक वर्षानुवर्षं वापरत आले, कारण सरकारनं ते उत्तम बनवलं आणि सामन्यांत हातात दिलं.

यावर आक्षेप येतो की नियमानं बांधलं की प्रगती खुंटते. मला तो पटत नाही. काडतूस बांधलं की बाकी सगळं मोकळं सुटतं. एफ-टीआरच्या रेषेवर आडवे पडलेले सगळे एकाच जातीची गोळी मारत असतात, त्यामुळे जिंकतो तो बहुधा वारा वाचणारा. गोळी, बॅरल, टेकू यांत जी सुधारणा झाली तिचा मोठा वाटा अशा बंदिस्त गटांत झाला, कारण पुंगळी वाढवून पळवाट काढायची सोय नव्हती. ज्यांना मोकळं रान हवं त्यांच्यासाठी एफ-ओपन आहेच. तिथे ७ मिमीची जड गोळी फेकणारी काडतुसं आहेत, त्यांतली बरीचशी .२८४ विंचेस्टरच्या कुळातली. ते मूळ काडतूस १९६३ मध्ये आलं आणि शिकाऱ्यांच्या बाजारात साफ पडलं. चाळीसेक वर्षांनी त्याची पुंगळी सामन्यांत सोन्याच्या मोलाची झाली. संघटनांनी बंदिस्त गट टिकवायला हवेत, आणि नवा गट काढताना आपण कोणाच्या पाठीवर शिक्का मारतो आहोत याचं भान ठेवायला हवं.

नियम कधी कधी भलत्याच दिशेला नेतो हेही खरं. अमेरिकेतल्या पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) सामन्यांत वेगाची कमाल मर्यादा ३२०० फूट प्रति सेकंद. साहजिक अंदाज असा की सगळे त्या मर्यादेला जाऊन भिडतील. झालं उलटंच. लोक क्रीडमूरवरून खाली उतरले: ६ मिमी बीआर, तिच्यापासून घडवलेलं डॅशर, मग ६ जीटी. या लहान पुंगळ्या मर्यादेच्या बऱ्याच खाली चालतात. त्या सामन्यांत घड्याळ लावून, अडनिड्या आधारांवरून, पोलादी पाट्यांवर गोळ्या मारायच्या असतात; तिथे धक्का कमी आणि स्वतःची गोळी दिसणं याला वेगापेक्षा जास्त किंमत. क्रीडमूरला ज्या तर्कानं मोठं केलं त्याच तर्कानं पुढे धाकट्यांना मोठं केलं.

६ मिमी पीपीसीचा मामला जरा वेगळा. बेंचरेस्टमध्ये, म्हणजे भक्कम बाकावर रायफल टेकवून १०० आणि २०० यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालण्याच्या खेळात, १९५० च्या .२२२ रेमिंग्टनचं पंचवीस वर्षं राज्य होतं. १९७५ मध्ये डॉ. लू पाल्मिसानो आणि अवजारं घडवण्यात तरबेज असलेले फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन या पुंगळीला नवा आकार दिला. ती पुंगळी मूळची ७.६२×३९ ची, म्हणजे कलाश्निकोव्हच्या काडतुसाच्या घराण्यातली. अचूकतेशी ज्याचं नाव कोणी जोडणार नाही अशा घरातून जगातलं सर्वात अचूक मानलं जाणारं काडतूस निघालं. पुंगळी आखूड, ठेंगणी, जाडजूड, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) लहान, पितळ उत्तम. दारूचा आखूड आणि रुंद स्तंभ जास्त एकसारखा जळतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

ते खरं असेलही. पण मला इथे एक वेगळीच गंमत दिसते. पीपीसी जिंकू लागलं, म्हणून सगळ्यांनी पीपीसी घेतलं. सगळ्यांनी घेतलं म्हणून उत्तमातलं उत्तम बॅरल, हातानं घडवलेल्या गोळ्या, साच्यांची अवजारं, सगळं पीपीसीसाठी बनू लागलं. मग विक्रमही त्याच्याच नावावर पडणार. शंभरातल्या नव्वद जणांच्या हातात एकच काडतूस असेल तर पहिल्या क्रमांकाच्या हातात तेच दिसेल, यात पुरावा कोणता? सामन्यानंतर विजेत्यांच्या साहित्याची यादी लागते आणि नवा माणूस ती कुंडलीसारखी वाचतो. त्या यादीत हरलेल्यांचं साहित्य छापलं तर तेही बहुतेक तेच निघेल.

काडतुसाच्या आराखड्याचा वाटा किती, हे नीट बघायचं असेल तर .२२ लाँग रायफलकडे यावं. १८८७ चं काडतूस. आज कोणी कोऱ्या कागदावर अचूकतेसाठी काडतूस आखायला बसलं तर यातली एकही गोष्ट घेणार नाही. शिशाची गोळी पुंगळीइतक्याच जाडीची, तळाशी बारीक करून आत खुपसलेली. स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत ओतलेलं. तरी ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरवर हेच चालतं, आणि दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटरची.

तिथले नेमबाज काडतूस निवडतच नाहीत. ते लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, निवडतात. कारखान्याच्या चाचणी केंद्रात रायफलचं बॅरल लोखंडी पकडीत आवळतात. माणूस, श्वास, नाडी सगळं बाजूला. समोर एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच किमतीची आठ-दहा खोकी, फरक फक्त बाजूवर छापलेल्या आकड्याचा. एका खोक्यातल्या दहा गोळ्या सुटतात आणि पडद्यावर शर्टाच्या बटणाखाली झाकेल असं एकच गोल भोक उरतं. पुढच्या खोक्यातल्या नऊ गोळ्या तशाच, दहावी एकटीच दोन वाजण्याच्या दिशेला पाकळी काढून बसते. नेमबाज काही बोलत नाही, ते खोकं बाजूला सारतो. हव्या त्या आकड्याची खोकी मग वर्षाची बेगमी म्हणून उचलली जातात. दुसऱ्या रायफलीत तोच आकडा साफ नापास होऊ शकतो. आराखडा दीडशे वर्षांच्या घरातला, कारागिरी आजची. आणि इथे सगळा निकाल कारागिरीच्या हाती.

म्हणून नव्या नेमबाजाला माझं सांगणं रूक्ष आहे. वेगाचा तक्ता मिटवून ठेवा. ज्या प्रकारात उतरायचं त्याची नियमावली आधी वाचा. ज्या काडतुसाच्या पुंगळ्या तीन-चार कारखाने बनवतात ते घ्या. एकाच कारखान्याच्या मर्जीवर जगणारं काडतूस त्या कारखान्याचा विचार बदलला की अनाथ होतं. बॅरलचा पीळ आणि गोळीची लांबी यांचं जुळतं का ते बघा. आणि दरवर्षी निघणाऱ्या नव्या नावाला, जुन्यापेक्षा टिचभर सरस असल्याचा दावा करणाऱ्याला, पाच वर्षं वाट बघायला लावा. ६.५×४७ लापुआ क्रीडमूरच्या दोन वर्षं आधी, २००५ मध्ये आलं होतं, पितळ अव्वल दर्जाचं, आराखडा कदाचित जास्त देखणा. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांत ते रुजलं आणि तिथेच थांबलं, कारण दुकानातून उचलून लगेच मारण्याजोग्या रायफली आणि खोकी त्याच्या पाठीशी तितक्या संख्येनं नव्हती.

लष्कराचा शिक्का लागला की काडतूस मोठं होतं, हा जुना समज. .३०-०६ आणि .३०८ च्या बाबतीत तो खरा होता. स्वस्त पितळ, शिल्लक दारूगोळा, हजारो प्रशिक्षित माणसं, सगळं फौजेकडून आलं. क्रीडमूरनं ही वाट उलटी चालून दाखवली. आधी सामने, मग दुकानं, आणि २०१७-१८ च्या सुमारास चाचण्यांनंतर अमेरिकेच्या विशेष दलांनी स्नायपर रायफलींसाठी ते निवडलं. तोवर निर्णय नागरी रेंजवर होऊन गेला होता.

आता त्या नावाविषयी. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाच्या शेतजमिनीवर १८७३ मध्ये रेंज उघडली, ती क्रीडमूर. त्याच वर्षी विम्बल्डनला एल्को शील्ड ही नेमबाजीची ढाल जिंकलेल्या आयरिश संघानं अमेरिकनांना आव्हान दिलं. २६ सप्टेंबर १८७४. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर पंधरा गोळ्या. आयरिशांकडे रिग्बीच्या तोंडाकडून भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. कोणती जात सरस, यावर त्या काळचे दोन तट आजच्यासारखेच भांडत होते. शेवटची एक गोळी उरली तेव्हा आयरिश ९३१, अमेरिकन ९३०. ती गोळी मारायची होती कर्नल जॉन बोडाइन यांना, आणि थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. रक्ताळलेल्या हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी गोळी मारली, बुल (टार्गेटचा मधला भाग) लागलं, चार गुण. ९३४ विरुद्ध ९३१.

मागून भरायच्या रायफलीचा डंका त्या दिवसापासून वाजला. त्या सामन्यात आयरिश संघातल्या जे. के. मिल्नर यांनीही एक गोळी अगदी बुलच्या मध्ये घातली होती. फक्त ते टार्गेट शेजारच्याचं होतं, म्हणून मिळालं शून्य. ते चार गुण धरले असते तर आयरिश ९३५.